कमळ, चिखल आणि आपण: छतावर येऊन विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमच्या छतावर कमळाचे तीन टब आहेत. उन्हाळ्यात पहिलं फूल आलं की गल्लीतले लोक बघायला येतात आणि फूल बघून झालं की प्रश्न सुरू होतात. काही टबाबद्दल, बरेचसे फुलाच्या अर्थाबद्दल, आणि एखाददुसरा असा की उत्तर देता देता चहा निवतो. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या मागे जरा जास्तच जाते. तेवढं सांभाळून घ्या. तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवते.

तळ्यात दिसतं ते सगळं कमळच ना?

नाही. कमळ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या वनस्पती खपवतो. ओळख फुलावरून पटवू नका, पानावरून पटवा. पान पूर्ण गोल, देठ बरोबर मधोमध जोडलेला आणि पान पाण्याच्या वर हातभर उभं, तर ते कमळ. पान पाण्यावर पसरलेलं आणि एका बाजूने देठापर्यंत चीर गेलेली, तर ते कुमुद. नर्सरीवाले त्याला वॉटर लिली म्हणतात. फूल गळल्यावर तर शंकाच राहत नाही. कमळाच्या मध्ये शॉवरच्या जाळीसारखा चपटा गड्डा उरतो आणि त्याच्या भोकाभोकांत एकेक बी बसलेली असते.

पाण्यात शेजारी राहतात म्हणून दोघं भाऊ वाटतात, पण वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत कमळाचा जवळचा नातेवाईक आहे काश्मीरचा चिनार. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आमच्या अंबाझरी तलावात माजते ती मात्र जलपर्णी. तिच्या जांभळ्या फुलांना कोणी कोणी कमळ म्हणतं. तिचा विषय पुढे येणार आहे.

पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला. पोराचं असं नाव काऊन ठेवत असतील?

हा प्रश्न शेजारच्या पंकजचाच आहे. आईवर त्याचा खरा राग आहे.

पंक म्हणजे चिखल आणि ज म्हणजे जन्मलेला, इथपर्यंत त्याचं बरोबर. त्या हिशेबाने चिखलातला किडाही पंकज आणि लव्हाळंही पंकज. पण वापरात हा शब्द एकट्या कमळासाठीच उरला. अशा शब्दाला योगरूढ म्हणतात, आणि योगरूढ शब्दाचं उदाहरण द्यायचं झालं की शास्त्रकार हमखास पंकजच देतात. शाळेत तुम्ही कितीही मागच्या बाकावर बसलात तरी शास्त्रात तुमचं नाव पहिल्या बाकावर आहे, असं मी त्याला सांगितलं.

कमळाची बाकीची नावं मात्र बघा. नीरज, जलज, अंबुज, वारिज, सगळे पाण्यात जन्मलेले. सरोज आणि सरसिज तळ्यातले. अरविंद, राजीव, नलिनी, पद्मा यांच्यात चिखल शोधूनही सापडत नाही. पांढऱ्या कमळाला पुंडरीक म्हणतात. विठ्ठलाला विटेवर थांबवून ठेवणारा आपला पुंडलिक मुळात हाच पुंडरीक; संस्कृत स्तोत्रांत त्याचं नाव तसंच येतं. विदर्भात गावोगाव एखादे पुंडलिकराव असतातच. आपण पांढरं कमळ आहोत हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे आपल्या भाषेला कमळ मुख्यतः पाण्याचं फूल म्हणून माहीत होतं. चिखलाचं एवढं कौतुक अलीकडचं आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कमळाला चिखल लागतच नाही, हे खरं का?

अर्धं खरं. आणि स्टेटसवर फिरतं ते नेमकं हेच अर्धं.

पानाच्या वरच्या बाजूला पाणी ठरत नाही, हे खरं. बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९७० च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे पृष्ठभाग तपासले. १९९७ मध्ये सहकारी नाइनहुइस यांच्यासोबत त्यांचा शोधनिबंध आला आणि या गुणाला जगभर कमळाचंच नाव मिळालं. डोळ्यांना गुळगुळीत वाटणारं हे पान खरं तर खडबडीत असतं. त्यावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाच्या त्याहूनही बारीक नळ्या. थेंब त्या टोकांवर तोलून राहतो, खाली हवा अडकलेली असते, त्यामुळे तो पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ उचलून नेतो. पान स्वच्छ राहतं ते खडबडीत असल्यामुळे. माझ्या मते या फुलाच्या सगळ्या प्रतीकांत ही बाब सगळ्यात दुर्लक्षित आहे.

आता उरलेलं अर्धं. त्याच रोपाचं खोड चिखलात आडवं पसरलेलं असतं. आपण त्याला कंद म्हणतो. त्याच्यावर मेण नाही की काही नाही. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून पानांनी घेतलेली हवा देठातल्या नळ्यांमधून खाली कंदापर्यंत पोचते. कापलेल्या कमळकाकडीत चक्राकार भोकं दिसतात, ती हीच हवेची वाट. जरीपटक्यात सिंधी घरांत याची भाजी आवडीने होते, ते याला भें म्हणतात. तिथल्या एका मावशींनी मला शिकवलं की दोन्ही टोकं बंद असलेलाच तुकडा घ्यायचा, टोक तुटलं असेल तर भोकांत चिखल शिरलेला असतो आणि तो धुता धुता जीव जातो. कमळाला चिखल लागत नाही म्हणणाऱ्याने एकदा ही भाजी निवडून बघावी.

तर कमळ चिखल सोडून वर येत नाही. ते वर येतं आणि वरून खाली हवा पाठवत राहतं. देठ कापून फूल चिखलापासून सोडवलंत, तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या काळ्या.

गीतेतलं कमळाचं पान आणि आपलं अळवावरचं पाणी एकच ना?

दृश्य एकच, अर्थ उलटे. पाचव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला पाप चिकटत नाही, 'पद्मपत्रमिवाम्भसा', जसं कमळाच्या पानाला पाणी. इथे कौतुक पानाचं आहे. मराठीत 'अळवावरचं पाणी' म्हणतो तेव्हा डोळे थेंबावर असतात: आज आहे, उद्या नाही. संस्कृतातही शंकराचार्यांच्या नावावरच्या स्तोत्रात कमळदलावरचा थेंब आयुष्याच्या चंचलपणासाठी आलाय. आपण पान आहोत की थेंब, हे ज्याचं त्याने ठरवायचं. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मी थेंब असते.

एक गोष्ट सुटते. 'अम्भसा' म्हणजे पाण्याने. चिखल इथेही नाही. आणि श्लोक काम करणाऱ्या माणसाबद्दल आहे. घरातली भांडणं, आजारपणं, हिशेब यांतून अंग काढून घेणाऱ्याला 'कमळासारखा अलिप्त' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. तो अलिप्त नाही, गैरहजर आहे.

बुद्ध आणि कमळ यांचा नेमका संबंध काय?

नागपुरात हा प्रश्न ऐकीव माहितीवर सोडून चालत नाही. इथे उत्तर चुकलं तर दुरुस्त करणारे दहा जण उभे असतात, आणि तेच चांगलं.

पाली साहित्यात कमळाची उपमा वेगवेगळ्या ठिकाणी येते. मला तीन जागा सांगायच्या आहेत, कारण तिन्हींचा रोख वेगळा आहे.

पहिली अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातली. द्रोण नावाचा ब्राह्मण वाटेवर पावलांचे ठसे बघतो, त्यांत चक्राच्या खुणा. माग काढत तो बुद्धांपर्यंत पोचतो आणि विचारतो, आपण देव आहात का, गंधर्व का, यक्ष का, माणूस का? प्रत्येकाला उत्तर नाही. मग बुद्ध सांगतात की कमळ पाण्यात जन्मतं, पाण्यात वाढतं आणि पाण्याच्या वर येऊन पाण्याने न माखता उभं राहतं, तसा मी जगात जन्मलो, जगात वाढलो आणि जगावर मात करून उभा आहे. इथेही पाणीच.

दुसरी बोधीनंतरची. धम्म सांगावा की नाही या विचारात असताना बुद्धांना माणसं तळ्यातल्या कमळांसारखी दिसतात: काही अजून पाण्याखाली, काही पाण्याच्या पातळीला, काही वर आलेली. ही माझी सगळ्यात आवडती जागा. त्या तळ्यात सगळीच कमळं आहेत. उंची कमीजास्त आहे, पण माणसांपैकी चिखल कोणीच नाही.

तिसरी धम्मपदातली, ५८ आणि ५९ या गाथा. रस्त्याकडेला टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगात सुगंधी कमळ उगवावं, तसा बुद्धांचा श्रावक, म्हणजे शिष्य, प्रज्ञेने शोभतो. आता इथे घाण आली. पण गाथेतला कचरा म्हणजे गरिबी नाही, अमुक वस्ती नाही, तमुक जात नाही. तिथे शब्द आहे अंध झालेल्या सामान्य जनांचा. कचरा हे अज्ञान आहे, आणि ते बंगल्यातही भरपूर असतं.

शिवाय नागपुरातल्या विहारांत जाणाऱ्याला आणखी एक कमळ तोंडपाठ असतं, बऱ्याचदा नकळत. पुष्पपूजेच्या गाथेत 'सिरिपादसरोरुहे' हा शब्द येतो, म्हणजे चरणकमळांवर. आणि लगेच पुढे म्हटलं जातं की हे फूल कोमेजतं तसाच माझा देहही नाशाकडे जातो. उमलण्याची गोष्ट सांगणारे खूप आहेत. फूल वाहतानाच ते कोमेजणार हे मोठ्याने म्हणण्याची ही रीत मला जास्त खरी वाटते.

चित्रातलं कमळ बघायचं तर अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात ते आहे. वाकाटकांचा काळ, पाचवं शतक. त्या घराण्याची एक शाखा आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला, आणि दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे वाशीमला. अजिंठ्याचं काम वाशीमच्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळातलं. दोन्ही गादी विदर्भातच, त्यामुळे पद्मपाणीपुढे उभं राहून थोडी मान ताठ करायला वैदर्भीयाला हरकत नाही.

झोपडपट्टीतला मुलगा अधिकारी झाला की 'चिखलातलं कमळ' म्हणतात. यात वाईट काय?

मीही म्हटलं होतं. सत्काराचा कार्यक्रम, बारावीच्या निकालानंतरचा. मंचावर आमची एक विद्यार्थिनी, आणि पहिल्या रांगेत तिची आई. आई पहाटे कॉटन मार्केटमधून भाजी आणून दिवसभर हातगाडीवर विकायची. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी मोठ्या झोकात म्हणाले, 'चिखलात उमललेलं हे कमळ.' टाळ्या पडल्या. मुलीने हार घेतला, फोटो झाले.

नंतर स्टाफरूमच्या दारात ती हळूच म्हणाली, 'मॅडम, राग नका मानू, पण चिखल म्हणजे कोण? आमची आई?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तसं नाही गं, परिस्थिती' असं काहीतरी मी पुटपुटले. तिने मान हलवली आणि गेली. पोरगी समंजस होती, हे आणखी लागलं.

तेव्हापासून या वाक्प्रचाराकडे मी नीट बघायला लागले. आपण तो कोणासाठी वापरतो? धरमपेठेतल्या डॉक्टरच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला, तर कोणी त्याला कमळ म्हणत नाही. म्हणजे कौतुक एकाचं आणि शिवी त्याच्या अख्ख्या वस्तीला, तीही हार घालता घालता. त्यात एक सोयही आहे. वस्तीत नळाला पाणी का नाही, गटार उघडी का, हे मग विचारावं लागत नाही. चिखल हवाच ना कमळाला!

१४ ऑक्टोबर १९५६ ला या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. पांढरे कपडे घालून आलेली ती माणसं नंतर आपापल्या त्याच घरी परतली, त्याच गल्ल्यांत. त्यांनी टाकून दिली ती माणसाला हीन ठरवणारी रचना. वस्ती नाही, आईबाप नाहीत. एवढं मोठं उदाहरण गावात असताना मी पंचवीस वर्षं फळ्यावर 'चिखलातील कमळ' असं निबंधाचं शीर्षक लिहून देत होते.

आज ती ओळ पुन्हा बोलायची वेळ आली, तर चिखलाचं नावच काढणार नाही. या मुलीला खाली हवा कोण पुरवत होतं ते सांगेन, आणि पहिल्या रांगेकडे हात करेन.

मला माझा भूतकाळ मागे टाकायचा आहे. कमळासारखं वर कसं यायचं?

आता जलपर्णी. ती चिखलाला शिवतही नाही. देठाच्या फुगीर गाठींत हवा भरलेली, मुळं पाण्यात लोंबकळती, वारा नेईल तिकडे तरंगत जाते. खाली काहीच रोवलेलं नसल्यामुळे वाढायला तिला अडवणारं कोणी नाही. ती अख्खं तळं झाकते, खालचा उजेड तोडते, आणि मग महापालिकेला यंत्रं लावून काढावी लागते. चिखलापासून खरोखर अलिप्त असलेली वनस्पती दाखवा म्हटलं, तर मी हिच्याकडे बोट दाखवीन.

म्हणून मागे टाकण्याची भाषा मला पटत नाही. गाव, बोली, घरातलं जुनं दुःख खाली राहतंच. त्याच्यापर्यंत थोडी हवा पोचते का, एवढं बघावं. म्हणजे कोणाशी तरी बोलावं, लिहावं, कधी नुसतं गावी जाऊन यावं. पण मी समुपदेशक नाही. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर फुलांच्या गोष्टी वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

कोणत्या रंगाच्या कमळाचा काय अर्थ?

याच्या याद्या भरपूर फिरतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पांढऱ्याला पुंडरीक, तांबड्याला कोकनद आणि निळ्याला इंदीवर ही नावं जुनी आहेत. पण खरं कमळ निळं नसतंच. आशियातलं गुलाबी किंवा पांढरं, अमेरिकेतलं पिवळसर, बस. निळं म्हणतात ते कुमुद, आणि इजिप्तच्या चित्रांतलं 'कमळ'ही कुमुदच. मी हे माहीत नसताना ऑनलाइन 'नऊ रंगी कमळ' मागवलं होतं. निळं, काळं, इंद्रधनुषी, सगळं होतं पाकिटावर. उगवली ती दोन रोपं, दोन्ही गुलाबी.

कमळ म्हटलं की राजकारण येतंच. काय करायचं?

भारतीय जनता पक्षाचं ते चिन्ह १९८० पासून आहे, आणि पद्म पुरस्कार १९५४ पासून. फूल दोघांच्याही आधीचं. निवडणुकीच्या दिवसांत टब बघून कोणी डोळा मारला, तर मी चहा विचारते. जाता जाता, महाराष्ट्राचं राज्यफूल कमळ नाही, ताम्हण आहे.

चक्रांच्या पाकळ्या आणि पद्मासन?

मूलाधाराच्या चार पाकळ्या, मग सहा, दहा, बारा, सोळा, आज्ञाचक्राच्या दोन आणि माथ्यावर सहस्रार. योगाच्या परंपरेतला हा नकाशा आहे, शरीर फाडून बघितलं तर सापडणार नाही. पद्मासनाबद्दल एकच: गुडघे कुरकुरत असतील तर साधी मांडी घाला.

कमळ रात्री मिटतं आणि सकाळी उमलतं. भुंगा आत अडकतो ती गोष्ट खरी का?

बरीच खरी, आणि जितकी खरी आहे तितकी गोष्टीपेक्षा सरस.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी ही उपमा येते. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत सापडतो, प्राण जाईल पण पाकळी चिरणार नाही. स्नेह असा कोवळेपणी कठीण. शिकवताना या ओवीवर वर्ग नेहमी शांत व्हायचा, शेवटच्या बाकांसकट.

आता दुसरी बाजू. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे रॉजर सेमूर आणि पॉल शुल्त्से-मोटेल यांनी दाखवून दिलं की कमळाचं फूल स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. बाहेर पारा १० अंशांपर्यंत उतरला तरी फुलाच्या आत ३० ते ३६ अंश. फूल तीन-चार दिवस जगतं. पहिल्या दिवशी स्त्रीकेसर तयार असतो, पराग नंतर सुटतो. संध्याकाळी पाकळ्या मिटल्या की आत शिरलेले भुंगेरे रात्रभर त्या उबेत राहतात आणि सकाळी अंगाला पराग लावून दुसऱ्या फुलाकडे जातात. म्हणजे भुंगा मरत नाही. त्याची डिसेंबरच्या थंडीत फुकट गरम खोली मिळाल्यासारखी सोय होते.

आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात. रोज नव्याने उमलण्याचं प्रतीक म्हणून चित्र टांगणाऱ्यांना हे सांगितलं की ते नाराज होतात. रोज म्हणजे तीन-चारदा.

लक्ष्मीपूजनाला बर्डीच्या बाजारातून आणलेली कळी उमलतच नाही. फसवतात का?

नाही हो. तोडलेली कमळाची कळी घरी सहसा उमलत नाही, पाण्यात ठेवली तरी. नेताजी मार्केटमधल्या फूलवाल्याला सांगा, तो बाहेरच्या पाकळ्या हाताने आत मुडपून फूल उघडून देतो. त्याच दिवशी वाहा.

पन्नाशी उलटली. आता मी काय उमलणार?

चीनच्या ईशान्येला एका आटलेल्या तळ्याच्या मातीत कमळाच्या जुन्या बिया सापडल्या होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जेन शेन-मिलर यांनी त्या रुजवल्या. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार त्यांतल्या एका रुजलेल्या बीचं वय सुमारे १३०० वर्षं निघालं. त्याआधी, १९५१ मध्ये, जपानच्या चिबा इथे इचिरो ओगा यांना उत्खननात तीन बिया मिळाल्या. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या त्या बियांतल्या एकीला पुढच्याच वर्षी फूल आलं. पन्नाशी म्हणजे काहीच नाही.

पण इथे भावुक होऊ नका. बी आशेने वाट बघत नव्हती. तिचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही, म्हणून ती रुजत नव्हती आणि म्हणूनच मेलीही नव्हती. आपणही बी पेरतो तेव्हा कवच एका टोकाला कानशीने घासावं लागतं. आतला पांढुरका भाग दिसला की थांबायचं, पुढे घासलं तर बी सडते. किती घासायचं हे महत्त्वाचं. 'दुःखाने माणूस घडतो' म्हणणाऱ्यांना या थांबण्याचं भान नसतं.

माझी मोठी जाऊ पंचावन्नाव्या वर्षी कार चालवायला शिकली. त्याआधी तीनदा प्रयत्न फसले होते. चौथ्यांदा तिने एकच अट घातली: भाऊजी शेजारच्या सीटवर बसणार नाहीत. महिनाभरात ती एकटी कामठीला जाऊन ड्रॅगन पॅलेस बघून आली. कवच कुठे घासायचं ते तिला बरोबर कळलं होतं.

मखाना म्हणजे कमळाचीच बी ना?

नाही. मखाना काटेरी पानांच्या वेगळ्या पाणवनस्पतीचा, ती कुमुदाच्या घराण्यातली. कमळाची बी म्हणजे कमळगट्टा, ज्याची जपमाळ करतात. कोवळी असताना सोलून खातात, मात्र आतला हिरवा कोंब काढा, कडू लागतो.

छतावर कमळ लावता येईल का? आमच्याकडे तर ४५ अंश ऊन.

ऊन हवंच आहे. सहा तास थेट ऊन नसेल तर पानं येतील, फूल नाही. माझा पहिला टब तीन हंगाम कडुनिंबाच्या सावलीत होता आणि मी खत बदलत बसले होते.

तळाला भोक नसलेला, दीड-दोन फूट रुंद टब घ्या. भरल्यावर तो फार जड होतो, म्हणून स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. माती आपली काळीच, शेतातली. कोकोपीट नको. मी घातलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळं पाण्यावर तरंगत होतं आणि कंद उघडा. ताजं शेण तर अजिबात नको, कंद सडतो. जुनं कुजलेलं शेणखत मूठभर, मातीच्या तळाशी. वर चार-सहा इंच पाणी.

घासलेली बी ग्लासभर कोमट पाण्यात टाका आणि पाणी रोज बदला. आठवडाभरात कोंब दिसतो. पहिली पानं नाण्याएवढी आणि तरंगती येतात. पाण्याच्या वर उभं पान आल्याशिवाय खत देऊ नका. बियांपासून लावलेल्याला फूल यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. घाई असेल तर कंद आणा, पण त्याचं टोक मोडू देऊ नका, वाढ तिथूनच होते. भंडारा-गोंदियाकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांजवळ कोणी ओळखीचं असेल तर विचारा. तळ्यात उतरणारे ढिवर बांधव कंदाबद्दल जे सांगतील ते कोणत्याही व्हिडिओपेक्षा भारी असेल.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पाणी रोज खाली जातं, रोज संध्याकाळी भरा. आणि गप्पी मासे सोडल्याशिवाय टब ठेवूच नका. डेंग्यू झाला तर शेजारी तुम्हाला कमळासकट खाली आणतील.

डिसेंबरात पानं काळी पडली, काहीच उरलं नाही. टब रिकामा करू का?

थांबा. थंडीत कमळ वरचं सगळं टाकून देतं आणि खाली निजतं. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात टब मोकळा करून त्यात उन्हाळ्यासाठी कूलरचं सामान ठेवायचं ठरलं होतं. मी बाही वर करून हात आत घातला. थंडगार चिखल, कोपरापर्यंत. तळाशी बोटाएवढं काहीतरी लागलं, दाबून बघितलं. टणक होतं.

तुम्हीही तसंच करा. मऊ लागलं, वास आला, तर रोप गेलं, माती उन्हात पसरून द्या. टणक लागलं तर वाळकी पानं कात्रीने काढा, पण देठ पाण्याच्या वर दोन बोटं राहू द्या, म्हणजे पाणी नळ्यांत शिरत नाही. टबात पाणी तेवढंच ठेवा, खत देऊ नका, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत मला फोन करू नका.